केसाळ सॅकची एका दिवसाची मोहीम

मी एक जुनी लष्करी सॅक आहे. माझं अंग वासराच्या कातड्याचं, तेही केसांसकट; म्हणून शिपाई मला लाडानं 'केसाळ' म्हणत. चढावर काय म्हणत, ते मित्रांनो, तुमच्या वयाला सांगण्यासारखं नाही.

आमच्या स्वित्झर्लंडमध्ये निम्मं सैन्य घराघरांतल्या कपाटांत राहतं. शिपाई वर्षातून काही आठवडे कवायत करतो आणि उरलेलं वर्ष गाई राखतो. माझे मालक आर्मां यांनी मला तीस वर्षं दू नदीच्या काठानं वाहिलं. नदीपलीकडे फ्रान्स. तिकडून कुणी आलं तर पूल राखायचा, एवढं आमचं काम. तिकडून आली ती सोलांज, आर्मांची सून म्हणून. तिला अडवायला मला कुणी बोलावलं नाही. पुढे तळघरात बटाट्यांशेजारी माझी रवानगी झाली.

सोलांजला बाझील झाला, दोन्ही देशांचा नागरिक. पासपोर्ट दोन असले तरी पाठ एकच असते, हे दोन्ही सरकारांना मान्य आहे. म्हणून एकोणीस वर्षं पूर्ण होण्याआधी एका कागदावर सही करून देश निवडायचा. इकडे निवडलं तर अठरा आठवडे रंगरुटांची शाळा आणि मग वर्षानुवर्षं कवायत. फ्रान्स निवडलं तर एक दिवस वर्गात बसायचं. दुपारचं जेवणही मिळतं. सहीच केली नाही, तर ज्या देशात राहतो तिथला शिपाई.

बाझील राहायचा आमच्याकडेच, पण रोज नदीपलीकडे जाऊन मामाकडे चीज करायला शिकत होता. अठरा आठवडे गैरहजर राहिला तर मामा दुसऱ्याला घेणार होते. आर्मांचं म्हणणं, एका दिवसात तर बूटसुद्धा पायाला ओळखत नाहीत. सोलांज सूप वाढता वाढता म्हणाली, "बाबा, तीस वर्षं माझ्या माहेरावर नजर ठेवलीत. काय सापडलं?"

बाझीलला कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यानं कोरा कागद गुपचूप माझ्या पोटात सारला आणि गप्प राहिला. गप्प राहिलं की निर्णय टळतो, असं त्याला वाटत होतं.

वाढदिवसाला चार दिवस उरले असताना आर्मां तळघरात आले. मला मेण लावून ते नातवाला भेट देणार होते. पट्टा सोडला आणि कागद हाती लागला. वाचून ते बटाट्यांच्या पोत्यावर बसले. काहीच करायचं नव्हतं. कागद आत ठेवायचा, पट्टा आवळायचा. चार दिवसांनी नातू आपोआप शिपाई झाला असता. त्यांनी पट्टा आवळला. मी म्हटलं, संपलं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो पुन्हा सोडला.

सकाळी कॉफीच्या वाडग्याशेजारी कागद आणि पेन होतं.

"आजोबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाटणारच. ते माझं मी बघेन. तू सही कर, हवी तिथे कर. लपवलेल्या कागदानं झालेला शिपाई मला शेजारच्या खंदकातसुद्धा नको."

बाझीलनं फ्रान्स निवडलं. आर्मां तीन दिवस फक्त गाईंशी बोलले. चौथ्या दिवशी त्यांनी मला मेण चोळलं आणि हजेरीच्या सकाळी त्याच्या पाठीवर चढवलं. "एक दिवस तर एक दिवस. रिकाम्या पाठीनं जायचं नाही."

ज्या पुलाची तीस वर्षं राखण केली, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. कुणी अडवलं नाही. माझ्या पोटात पाव, चीज आणि आजोबांनी सोलांजच्या नकळत घातलेले दोन जोड कोरडे मोजे होते.

संध्याकाळी आर्मां फाटकाशी उभे होते. त्यांनी एकच विचारलं, "मोजे बदललेस?"

"दोनदा," बाझील म्हणाला. वर्गात पंखा होता आणि खुर्च्यांना गाद्या होत्या, हे मी कधीच कुणाला सांगणार नाही.

आता मी तळघरात नाही, दारामागच्या खुंटीवर असते. मित्रांनो, कातड्याला वर्षातून एकदा मेण लावत जा. आणि मनात एखादा कागद दडवला असेल, तर मुदतीआधी तो टेबलावर ठेवा. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.