प्रियांकाचं हसू

देवबागच्या सुभद्रेच्या घरी बायका चोरओटी भरायला का येत, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता गरोदर बाईची ओटी भरायची, एवढाच खरा रिवाज. खाडीकाठच्या चार घरांनी त्याला एक शेपूट जोडलं होतं. ओटी झाली की सुभद्रेच्या लेकीचा, प्रियांकाचा हात त्या बाईच्या पोटावर ठेवायचा. प्रियांका बारा वर्षांची. बोलत नसे, भिंत धरून झोकांड्या खात चाले, तिला आकडी येई. पण देवाघरचं लेकरू, तिचा हात लागला की पोर सुखरूप, असं बायकांनी ठरवून टाकलं होतं. आणि बायकांनी एकदा ठरवलं की विषय संपला.

वर्षाली सुभद्रेची भाची, आणि आता सूनही. आत्याच्या मितेशशीच तिचं लग्न झालं होतं. तो इथे पर्यटकांची बोट चालवी. ती मुंबईच्या प्रयोगशाळेत रीलिन नावाच्या प्रथिनावर काम करी आणि सुट्टी मिळेल तशी गावी येई.

हे रीलिन पेशींच्या आत नसतं, त्यांच्या मधल्या जागेत पसरलेलं असतं. गर्भाचा मेंदू घडताना नव्या पेशी आतून बाहेरच्या अंगाला चढत जातात, आणि कुठे थांबायचं ते त्यांना या रीलिनमुळे कळतं. ते नसलं तर मागून आलेल्या पेशी पुढे सरकतच नाहीत, कट्टा गावाला जाणाऱ्या एसटीत दारातच दाटी करणाऱ्या माणसांसारख्या. सगळे थर उलटेपालटे होतात. असे उंदीर झोकांड्या खात चालतात.

प्रयोगशाळेत ती चाल रोज बघणाऱ्या वर्षालीला घरातली तीच चाल दिसली नाही! लग्न होऊन वर्ष झाल्यावर, अंगणातून येणाऱ्या प्रियांकाकडे बघताना तिच्या हातातला कप सुटला. मग मुंबईत तपासण्या झाल्या. प्रियांकाच्या मेंदूला वळ्या जवळजवळ नव्हत्याच. वर्षाली आणि मितेश दोघांच्याही रक्तात तोच दोष लपलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच मुली दिल्या-घेतल्याचा परिणाम. पण तोवर दिवस राहिले होते. पोटातल्या बाळाची तपासणी करून ती गावी आली होती. चारातून एक बाळ तसं, हा आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. डॉक्टरांचा फोन आज यायचा होता. बाळाला तेच असेल तर ठेवायचं नाही, असं तिने आणि मितेशने ठरवलं होतं, आणि ते आत्याच्या कानावर गेलं होतं.

आणि नेमकी आजच आत्याने चोरओटी मांडली.

दुपारी पाच-सहा बायका जमल्या. ओटी भरून झाली. आत्याने प्रियांकाचा हात धरून वर्षालीच्या पोटावर ठेवला. हात गार होता. एरवी ही मुलगी हात ठेवून समुद्राकडे बघत बसायची. आज तिने मान वळवली, पोटाशी कान नेला आणि हसली. मोठ्याने, खळखळून, ओळखीचं माणूस भेटल्यावर हसावं तशी.

"बघलास? हसला गो चेडू! बरा आसा, सगळा बरा आसा!" बायकांचा आनंद मावेना. साखर वाटली गेली.

शेजारची सावित्री तेवढी उठली. तिचं बाळ मानच धरत नव्हतं, तीन महिन्यांचं असताना आकडीत गेलं होतं. दारात वर्षालीजवळ थांबून ती हळूच म्हणाली, "माज्या वेळाकय हसला होता." आणि निघून गेली.

बायका पांगल्या. प्रियांका पोटापासून हलेना, तिचं हसणंही थांबेना. तेवढ्यात फोन वाजला. वर्षाली उठली, पण आत्या आधी पोचली होती. तिने रिसीव्हरवर हात दाबून धरला होता.

"आत्ये, घेऊंक दी माका."

"रवांदे गो."

"तुका म्हायत होता? सावित्रीचा?"

आत्याने हात आणखी घट्ट दाबला. वर्षालीने तिची बोटं एकेक करून सोडवली. त्या सुरकुतल्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने फोन कानाला लावला.

"वर्षाली," डॉक्टर म्हणाले, "मितेश जवळ आहे का?"

पुढचं तिला ऐकावं लागलं नाही. मागून आत्याचं बोलणं मात्र नीट ऐकू आलं.

"जाव नको गो, आमका सोडून. माज्या मागे प्रियांकाक कोण आसा?"

वर्षालीने वळून पाहिलं. आत्या तिच्याकडे बघतच नव्हती. हात जोडून ती वर्षालीच्या पोटाशी बोलत होती.