भोंगेबाबा आणि वहिनीच्या कवटीतलं भोक

"सरका, सरका! नाद उतरतोय!" जिन्यातून कुणीतरी ओरडलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत माणसांचा आणखी एक लोंढा घुसला. सोफ्यावर माणसं, टेबलावर माणसं, खिडकीच्या कठड्यावरही माणसं. मधोमध खुर्चीवर माझी वहिनी बसलेली आणि तिच्यासमोर पितळी भोंगा घेऊन नादस्वामी उभे. भक्तांचे ते नादस्वामी, मी त्यांना भोंगेबाबा म्हणायचो. स्वामी होण्याआधी ते एका बँडात हाच भोंगा वाजवत. बँड बंद पडला, भोंगा उरला.

"हे साधे कान नव्हेत!" भोंगेबाबा गरजले. "ही ब्रह्मांडाची कवाडं आहेत! मी फुंकतो आणि शक्ती आत शिरते. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी श्वास रोखावा!"

शंका आली तर श्वास का रोखायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण लोक इमानेइतबारे रोखायचे.

भोंगा वाजला. वहिनीचे डोळे आपोआप वर सरकले, मान कलली, तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "आली, आली!" करत लोकांनी हात जोडले.

"बोल माई, काय ऐकू येतं?"

"खर्रर्र," वहिनी म्हणाली. "डोळे फिरवले की खर्रर्र वाजतं."

बढतीची वाट बघून थकलेला एक कारकून पुढे सरसावला. "स्वामी, खर्रर्र म्हणजे माझं काय होणार?"

"खुर्ची सरकतेय बाळा! तुझ्या वरच्याची!"

कारकून गहिवरला. त्याच्या वरचा साहेबही तिथेच, दाराशी उभा होता. तो मात्र घाबरून लगेच घरी गेला.

आता वहिनीबद्दल सांगतो. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. शिडीवर उभं राहून, एका हातात ब्रश धरून ती अशी सरळ रेघ ओढते की पट्टीनं लाजावं. पण काही महिन्यांपासून तिला भलतेच आवाज ऐकू यायला लागले. स्वतःची नाडी कानात धडधडायची. साधं चाललं तरी टाचांचे धप्प धप्प आवाज डोक्यात घुमायचे. आणि डोळे इकडून तिकडे वळवले की लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा आवाज. नेहमीच्या डॉक्टरांनी "मन रमवा" असं सांगितलं. शेजारणींनी एकमेकींकडे बघून भुवया उडवल्या. मग एक दिवस रस्त्यात ट्रकचा हॉर्न वाजला, वहिनीभोवती सगळं जग फिरलं आणि ती शिडीवरून पडता पडता वाचली. त्या दिवसापासून शिडी बंद, काम बंद. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मुळातच भित्रा. त्यानं भोंगेबाबांना घरी आणलं.

"वहिनी, अगं तू तरी त्या खुर्चीत कशाला बसतेस?" मी एकदा चिडून विचारलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "मला डोळ्यांचा आवाज ऐकू येतो हे सगळ्यांना सांगून पाहिलं. 'खरंच येत असेल' असं म्हणणारा हा पहिला माणूस. बाकीच्यांनी मला वेड्यात काढलं."



तसं म्हणणारा दुसरा माणूस रस्ता ओलांडून आला, तोही तणतणत. समोरच्या इमारतीत कानाच्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे पेशंटच्या कानाला हेडफोन लावून 'आवाज आला की बटण दाबा' अशी तपासणी चाले. भोंगेबाबांनी इकडे भोंगा फुंकला की तिकडे ठार बहिरे आजोबासुद्धा बटण दाबायचे.

"हा काय तमाशा आहे?" बाई दारातूनच कडाडल्या. पण तेवढ्यात भोंगा वाजला, वहिनीचे डोळे वर सरकले आणि बाईंचा आवाज एकदम खाली आला. "पुन्हा वाजवा बरं."

भक्त वाढला म्हणून बाबा खूश. पुन्हा फुंकले. बाई वहिनीच्या डोळ्यांत टक लावून बघत राहिल्या.

"आता नुसते गाल फुगवा. आवाज नको."

"म्हणजे?"

"शक्ती तुमची आहे ना? मग आवाज कशाला हवा?"

बाबांनी गाल फुगवले. वहिनी शांत बसून राहिली. मग बाईंनी मला खुणावलं. मी आत जाऊन स्टीलचं मोठं ताट आणलं आणि वहिनीच्या मागे जमिनीवर आपटलं. डोळे वर, मान कललेली, अगदी तस्सं.

"अगंबाई, शक्ती ताटात पण आहे!" मागून एक आजी म्हणाल्या. हशा पिकला. बाबा तेवढे हसले नाहीत.

बाईंनी खिशातून एक लोखंडी चिमटा काढला. टोकाशी दोन फाटे असलेला, आपटला की घुमणारा. तो वाजवून त्याची मूठ त्यांनी वहिनीच्या पायाच्या घोट्यावर टेकवली. "कुठे वाजतंय?"

वहिनीनं दचकून उजवा कान धरला. "कानात! घोट्यावर ठेवलाय आणि कानात वाजतोय!"

मग माझा घोटा झाला, दादाचा झाला, बाबांचा झाला. आम्हाला नुसती थरथर जाणवली, आवाज कुणालाच नाही.

"ह्या खोटं बोलत नाहीत, आणि ह्यांना वेडही लागलेलं नाही," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. त्यांच्यावर कवटीच्या हाडाचं झाकण असतं. माझा अंदाज आहे की ह्यांच्या झाकणाला भोक आहे. म्हणून बाहेरचा मोठा आवाज थेट तोलाच्या नळीला धक्का देतो आणि शरीरातले बारीक आवाज कानाला मोठे वाटतात. अंदाज खरा की खोटा, ते स्कॅन सांगेल."

वहिनी रडायला लागली. दुःखानं नव्हे. कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता आणि बदल्यात तिला खुर्चीत बसायला सांगितलं नव्हतं.

स्कॅनमध्ये भोक निघालं. तिळाहूनही लहान. मोठ्या रुग्णालयात कॉम्प्युटरच्या मदतीनं ऑपरेशन करून मी ते बुजवू शकते, असं बाई म्हणाल्या. पण भोंगेबाबा काही कच्चे नव्हते. बातमी कळताच धावत आले.

"बघा! मी काय म्हणत होतो? कवाड! आता यंत्रानंही कबूल केलं! दैवी कवाड बुजवाल तर अनर्थ होईल. शिवाय तिथे कॉम्प्युटर कवटी उघडतो म्हणे. कॉम्प्युटरला काय कळतंय, मेंदू कुठे नि मेथीची जुडी कुठे?"

दादाला तेवढंच निमित्त पुरलं. कानाच्या वर कवटीला छोटी खिडकी करायची, मेंदू आवरणासकट हलकेच उचलायचा आणि खालचं भोक बुजवायचं, हे बाईंनी समजावल्यापासून तो संमतीच्या कागदावर सही करायला तयार नव्हता. "राहू दे," तो म्हणाला. "खुर्चीत बसून तरी जिवंत राहील."

"खुर्चीत?" वहिनी म्हणाली. "जन्मभर?"

डॉक्टरीणबाई दादाला मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. मीही गेलो. तिथे टेबलावर प्लास्टिकची कवटी शिकंज्यात पकडून ठेवली होती. शिकंज्याला चकाकत्या गोळ्या लावलेल्या, तशाच गोळ्या एका सळईवरही. समोर कॅमेरा, बाजूला पडदा.

"धरा ही सळई. कवटीच्या नाकावर टेकवा."

दादानं टेकवली. पडद्यावरच्या स्कॅनमध्ये नाकावरच ठिपका उमटला.

"चमत्कार!" दादा पुटपुटला.

"अजिबात नाही!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "कॅमेरा फक्त गोळ्या बघतो. सळईवरच्या गोळ्या शिकंज्यापासून कुठे आहेत ते मोजतो. स्कॅन आधीच आत भरलेला असतो. चेहऱ्यावरच्या ओळखीच्या जागांना हात लावून आपण त्याला सांगतो की हे नाक, ही भुवई. मग सळईचं टोक आत कुठे आहे त्याचा हिशोब कॉम्प्युटर करतो. नकाशावर बोट ठेवण्यासारखं आहे. कापणारे हात आमचेच असतात. आता त्या शिकंज्यावरच्या गोळ्यांना जरा धक्का द्या."

दादानं भीतभीत धक्का दिला. सळई नाकावर टेकवली तर पडद्यावर ठिपका गालावर!

"चुकलं की हो हे!"

"चुकणारच. म्हणून आम्ही वारंवार नाकावर, भुवईवर टेकवून बघतो. जुळलं नाही तर थांबतो, नव्यानं ओळख करून देतो. यंत्र कधी फसतं हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच ते वापरायची हिंमत होते."

दादानं सळई पुन्हा पुन्हा नाकावर टेकवून तो चुकलेला ठिपका बघितला. घरी आल्यावर भोंगेबाबा वाटच बघत होते. दादानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रश्न विचारला. "स्वामी, तुमचं चुकलं तर ते तुम्हाला कसं कळतं?"

"आमचं चुकत नाही!"

"मग नको," दादा म्हणाला, आणि त्यानं दार उघडून धरलं.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ दादा रुग्णालयाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होता. बाहेर आलेल्या बाईंच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "नकाशा आणि भोक जुळलं," त्या म्हणाल्या. "हाडाची भुकटी भरून बुजवलंय. थोडे दिवस भिंत धरून चालतील, कान गच्च वाटेल. घाबरू नका."

तसंच झालं. सुरुवातीला वहिनीला घर हलतंय असं वाटायचं आणि ती भिंतीला शिव्या देत चालायची. एका सकाळी ती खिडकीपाशी बसून उगाचच डोळे डावीकडे, उजवीकडे फिरवत होती. मी विचारलं, काय करतेस?

"शूऽऽ," ती म्हणाली. "काहीच ऐकू येत नाहीये. किती छान!"

भोंगेबाबा दुसऱ्या वस्तीत गेले आहेत. तिथेही कुणीतरी असेलच, ज्याला खरोखर काहीतरी होतंय आणि ज्याचं घरी कुणी ऐकत नाही. असल्या माणसांवरच बाबांची दुकानं चालतात. म्हणून वाचकहो, तुमच्या घरात कुणी विचित्र काही सांगू लागलं तर हसू नका आणि हातही जोडू नका. नीट ऐका, मग तपासून घ्या. आणि उपाय सांगणाऱ्याला, मग तो भोंगेवाला असो की डॉक्टर, एवढं विचारा: तुमचं चुकलं तर कसं कळेल?

परवा 'माई'ची जुनी कीर्ती ऐकून एक अनोळखी बाई सासूला घेऊन आमच्या दारात आली. सासूबाईंना म्हणे भिंतीवर बुटकी माणसं नाचताना दिसतात. "माई, तुमचा हात ह्यांच्या डोक्यावर ठेवा ना!"

वहिनीनं हात ठेवला नाही. म्हातारीला पाणी दिलं, शेजारी बसवलं. "कधीपासून दिसतात, आजी? डोळे मिटले की जातात का? नजर कमी झालीय का हल्ली?" सगळं ऐकून घेतलं, कुठेही न हसता. मग पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी येते सोबत."