छत्तीस तारांचं चाक

ब्रह्मपुरीच्या धान बाजारासमोर रुखसारचं सायकलचं दुकान आहे. दुकान तिच्या बापाचं, फारूकभाईंचं. पण त्यांची नजर अधू झाल्यापासून चाकं तीच बांधते, आणि अशी बांधते की चंद्रपूर-गडचिरोलीतले हौशी सायकलवाले रांग लावतात. अंगानं भरलेली बाई, आवाजानं त्याहून भरलेली. तिचा एकच नियम: चाक बांधायच्या आधी चालवणाऱ्यानं आपलं वजन सांगायचं. लोक सायकलचा रंग बघतात, कंपनी बघतात, आणि खाली मरमर मरणाऱ्या चाकाला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला झेपेल का!

दिवाळीनंतर लवकर पिकणारा हलका धान बाजारात उतरला होता. अशात एका सकाळी राईस मिलवाल्यांचा सुनिल दुकानात शिरला, आणि रुखसारच्या हातातला पाना जागच्या जागी थांबला.

कॉलेजात असताना याच सुनिलनं तिला समोर बाजारातल्या धानाच्या काट्यावर चढवलं होतं. सायकल रॅलीत तिचं मागचं चाक वाकलं, तर हा म्हणाला, साऱ्यांचं वजन लिहायचं आहे, तू आधी उभी राह. भोळी कुठली, राहिली उभी. लच्छू मापारी सवयीनं ओरडला, "एक क्विंटल चार!" अख्खा बाजार हसला. दुसऱ्या कुणाचं वजन झालंच नाही. पुढं तिच्याच लग्नाच्या मांडवातही कुणीतरी तिला त्या आकड्यानं हाक मारली. तिनं सायकल चालवायचं सोडलं ते सोडलंच. तेरा वर्षं ती मेली एकाच गोष्टीसाठी झुरत होती. या माणसानं त्याच बाजारासमोर, स्वतःच्या तोंडानं, स्वतःचं वजन सांगावं. माफी नको होती तिला. माफी काय, कुणीही तोंडावर फेकून जातं.

आता सुनिल चांगला फुगला होता. डॉक्टरनं सायकल सांगितली म्हणून भारीतली रोड सायकल घेतली, आणि रविवारी फिरणाऱ्या मंडळींचा पुढारीही झाला. पण सहा महिन्यांत मागच्या चाकाच्या तारा तीनदा तुटल्या होत्या.

"मजबूत चक्का पायजे, रुखसार. या रविवारी धानोऱ्यापर्यंत जाऊन राह्यलो आम्ही."

"वजन?"

सुनिलनं मागं पाहिलं. त्याचे दोघे सोबती चहाच्या टपरीवर उभे होते. "शहाऐंशी," तो म्हणाला.

शहाऐंशी! शेतकऱ्याच्या पोत्यातून ओलाव्याचे दोन किलो, बारदान्याचा एक किलो कापण्यात ज्या घराची हयात गेली, त्या घरातला हा. आता स्वतःच्याच अंगातून कापायला बसला होता.

"पाहा सुनिलभाऊ," रुखसार गोड आवाजात म्हणाली, "शंभराच्या आत असशील तं चोवीस तारांचा चक्का चालते. शंभराच्या वर असशील तं छत्तीस तारा, त्याही जाड, रिम रुंद, टायर बत्तीस एमएमचा. सारा भार मागच्याच चक्क्यावर येते. थोडा जड होते, पण दगा नाई देत. कोणता बांधू?"

"चोवीसचा. जड चक्का लावून का धान वाहू?"

"काटा समोरच हाय. पाय ठेवून येतं का?"

"काऊन? भरोसा नाई का माह्यावर?"

"हाय ना," रुखसार म्हणाली.

तिनं चाक बांधलं ते गुणगुणत. तारा ताणल्या, चाक जमिनीवर आडवं टाकून दोन्ही हातांनी दाबलं, तारा कुरकुरल्या तशा पुन्हा ताणल्या, चाक फिरवून आऊट, म्हणजे त्याची डगमग, काढली. तारा ढिल्या ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. शहाऐंशी किलोच्या माणसाला ते चाक दहा वर्षं पुरलं असतं.

शनिवारी सुनिल आपली सगळी टोळी घेऊन आला. रुखसारनं फळीवर दोन चाकं ठेवली. चोवीसचं आणि छत्तीसचं. दुसरं तिनं आपल्या मनानं बांधलं होतं.

"अजून सांगते. शंभराच्या वरच्या माणसाखाली हा चोवीसचा मोडते. तुले कोणता लावू?"

सुनिलचा हात छत्तीसकडे गेला होता, तिनं पाहिलं. पण मागं टोळी उभी होती. हात वळला. "म्हटलं ना, चोवीसचा."

रुखसारच्या मनात आलं, पडून मेला तर? "हेल्मेट घालजो," ती म्हणाली, "अन् सायकल हळू हाण." एवढं सांगितल्यावर तिनं चाक लावून दिलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

रविवारी वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडंच एक खड्डा आला. चार तारा एका दमात तुटल्या, रिमचं धिरडं झालं, आणि सुनिल सायकलसकट रस्त्याकडेच्या बांधीत, अजून उभ्या असलेल्या जड धानाच्या चिखलात. हाड शाबूत राहिलं, कोपर आणि गुडघे सोलले. टोळी पुढं निघून गेली. धानाच्या एका टेम्पोनं त्याला पोत्यांवर बसवून आणलं ते थेट बाजारात, कारण हंगामात बाजाराला रविवार नसतो.

खांद्यावर सायकल, अंगभर चिखल, असा तो दुकानापुढं आला. शेतकरी, हमाल, लच्छू मापारी, सारे बघत होते.

"तो छत्तीसचा लावून दे," तो हळूच म्हणाला.

"टायरची हवा अन् तारांचा ताण वजनावर ठरते. वजन?"

तो फळीवर वाकला. "एकशे एकवीस," कानाशी पुटपुटला.

रुखसारला लख्ख ऐकू आलं. "पोत्यांचा आवाज लय होऊन राह्यला. मोठ्यानं बोल."

सुनिलची नजर समोरच्या काट्यावर गेली. मग त्याचा चेहरा उतरला. "जाऊ दे ना, रुखसार. पोरपण होतं ते."

"कोणतं?"

"ते... काट्यावरचं."

म्हणजे याला आठवत होतं! तेरा वर्षं रोज समोरून गाडी काढत होता, आणि रोज याला आठवत होतं. रुखसारच्या मनात जो काही थोडा कळवळा होता, तो तिथंच संपला.

"वजन सांगितल्याबिगर मी चक्का लावत नाई. नाई तं नागपूरले जा."

सुनिल सरळ उभा राहिला. "एकशे एकवीस किलो!" तो ओरडला, आणि शेवटी त्याचा आवाज चिरकला.

हमाल हसले. मग शेतकरी हसले, ज्यांच्या पोत्यांचं वजन त्याच्या मिलमध्ये कापलं जात होतं ते जास्तच हसले. सुनिलला मान कुठं लपवावी कळेना. सूड घेऊन काही मिळत नाही म्हणतात; म्हणोत बापडे. रुखसार मात्र हसली नाही. ती पाना हातात धरून उभी राहिली. तिला ते हसणं शेवटपर्यंत नीट ऐकायचं होतं.