शिंक्यातला डबा

आमच्या वस्तीत एकाही घराला दार नाही. शनिशिंगणापूर दोन कोसांवर, त्यामुळं शनिदेवाचा धाक आम्हालाही तेवढाच. चोराला देव बघून घेतो. कुत्री तेवढी आमची आम्हाला बघावी लागतात.

बहात्तरच्या उन्हाळ्यात छबूवहिनी विहिरीवर घागर उचलताना चक्कर येऊन पडली. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती पिठासारखी पांढरी झाली होती. तिला उठवायला कोणी गेलं नाही, कारण सगळे हसत होते. आमचा चुलतभाऊ छगन, तालमीतला उंचापुरा पैलवान, म्हणाला होता, "वैनी, पदरात दोन धोंडं बांधा. वाऱ्यानं उडाल!"

वहिनी घरी येऊन मला म्हणाली, "भावजी, ह्या मानसाला मी माझ्या घरचं पानी भरायला लावीन."

मी म्हणालो, "आधी खाली बसा."

दवाखान्यातल्या लीना सिस्टरनी तिची पापणी ओढून पाहिली आणि महिन्यापुरत्या लोहाच्या गोळ्या दिल्या. "रक्त कमी आहे. रोज एक, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध त्याबरोबर नको. बरं वाटलं तरी तीन महिने गोळ्या थांबवायच्या नाहीत. परसाकडं काळं होईल, घाबरायचं नाही. आणि डबा पोरांच्या हाताला लागू द्यायचा नाही. मूठभर खाल्ल्या तर पोर हातचं जाईल."

"दोन-दोन खाल्ल्या तर दीड महिन्यात उरकंल का?"

"नाही. पोट धरून बसाल."

वहिनीनं सूड तीन महिने पुढं ढकलला.

डबा आढ्याच्या शिंक्यात टांगला. गोळी काढायची म्हणजे मला कोपऱ्यातली पोती ओढून त्यांवर चढावं लागे. पंधराव्या दिवशी पाहतो तर डबा जवळजवळ रिकामा. बिनदाराच्या वस्तीत चोरी! वहिनीनं आरडाओरडा केला नाही. कोपऱ्यात जागची न हललेली पोती पाहिली, वर पाहिलं आणि म्हणाली, "उंच मानूस हाय."

दुसऱ्याच दिवशी छगननं मला गोठ्यामागं ओढलं. तोंड एवढंसं झालेलं.

"कुनाला सांगू नगं. मला काळं हुतंय. पार डांबर! शनिदेवानं धरलं रं मला."

"का धरलं असंल?"

"वैनीच्या गोळ्या खाल्ल्या. रोज दोन. लोखंडानं अंग लोखंडाचं हुईल वाटलं."

लोखंड शनीचं, काळा रंग शनीचा, आणि पहिली गोळी यानं शनिवारी खाल्लेली. पुराव्यात कुठंच फट नव्हती. मी गंभीर तोंडानं मान हलवली आणि वहिनीकडं पळालो.

तिनं आधी मला दवाखान्यात पिटाळलं. "इचारून या, मरंल का?"

सिस्टर म्हणाल्या, "मरणार नाही, पण आता एकही नको. उलट्या झाल्या किंवा पोटात कळ आली तर लगेच इकडं आणा. रंग चार-सहा दिवसांत जाईल." वहिनीसाठी नव्या गोळ्याही दिल्या.

"मरायचा न्हाई," वहिनी म्हणाली. "मग बोलवा."

छगन उंबऱ्याशी हात जोडून उभा राहिला.

"भावजी," वहिनी त्याला म्हणाली, "कोप मोठा हाय. गोळीला परत शिवायचं न्हाई. पोटात कळ आली तर दडवायचं न्हाई. आन् रोज आमच्या आठ घागरी भरायच्या."

"किती दिस?"

"देव सांगंल."

सहाव्या दिवशी छगन नाचत आला. "वैनी, सुटलो! रंग गेला!"

वहिनीनं शांतपणे लिंबू पिळलं, गोळी गिळली, तोंड पुसलं. "साडेसाती कधी सहा दिसांत सुटलीय का? रंग गेला म्हंजी देवानं तुमचं पानी मान्य केलं. साडेसात वर्सं हायत, भावजी."

छगन रिकाम्या घागरीवरच बसला. घागर चेपली. ती बदलूनही त्यालाच द्यावी लागली.

तीन महिन्यांनी सिस्टरनी पुन्हा पापणी ओढली. आत लालभडक. "आता घागर उचलायला हरकत नाही."

त्याच दिवशी वहिनी विहिरीवर गेली. सगळी वस्ती जमलेली. तिनं काठोकाठ भरलेल्या दोन घागरी एका दमात उचलल्या आणि छगनच्या डोक्यावर एकावर एक ठेवल्या.

"जपून जावा, भावजी," ती म्हणाली. "वारं सुटलंय."