चेहऱ्याची ठेव

स्टुडिओ चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'भाचा' म्हणायची. स्टुडिओ थाटला मामांनी, नावारूपाला आणला मामांनी, आणि डोळ्यांनी दगा दिला तेव्हा तो भाच्याच्या हाती सोपवला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. भाच्याचे केस विरळ झाले, मुलगी शाळेत जायला लागली, तरी गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "मामा नाहीत का? बरं, भाचा आहे ना, चालेल." हे 'चालेल' त्याला भातातल्या खड्यासारखं लागायचं.

पुढे पुढे तर तेही चालेना. वाचकहो, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या खिशात आता कॅमेरा असतो. अर्जाला लावायचे फोटो लोक घरच्या भिंतीपुढे उभं राहून काढतात. स्टुडिओवाल्याच्या वाट्याला उरली ती लग्नं. त्याच कामाची चौकशी करायला एक मुलगी आईला घेऊन आली. आईने मामांचे जुने अल्बम मांडीवर घेऊन कौतुकाने पाहिले. मुलगी मात्र मोबाईलवर बोट फिरवत होती.

"तुमचं पेज सापडत नाहीये," ती म्हणाली.

"पेज नाही, पण काम बघा ना. हे सगळं आमचंच आहे."

"नाही, कसंय, आम्हाला कुणीतरी प्रोफेशनल हवाय."

मायलेकी गेल्या. भाचा अल्बम आवरत राहिला. खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले मामा सगळं ऐकत होते.

स्टुडिओच्या दर्शनी भागात काचेचं शोकेस होतं. रस्त्याने जाणाऱ्याला मामांचं काम दिसायचं ते तिथे. त्या काचेचा मामांनी एक नियम केला होता. फोटो न्यायला माणूस आला की ते विचारायचे, "काचेत लावला तर चालेल?" समोरचा भिडेखातर हो म्हणाला, तरी त्यावर विसंबायचे नाहीत. "घरी जा, विचार करा, मग येऊन सांगा," म्हणायचे. आपण काढलेला सगळ्यात देखणा फोटो आजवर कुणीच पाहिलेला नाही, कारण ती बाई नको म्हणाली, असं ते अभिमानाने सांगत. भाच्याला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. ज्याची वस्तू दिसते त्याचीच विकली जाते, एवढा व्यवहार मामांना कधी कळलाच नाही, असं तो बायकोजवळ म्हणायचा.

मुलीचं ते बोलणं मनाला लागलं आणि भाच्याने पेज काढलं. पहिल्यांदा त्याने फुलं टाकली, मावळता सूर्य टाकला, पुलाखालचं पाणी टाकलं. बायकोने अंगठा दिला, मेहुण्याने अंगठा दिला, आणि गाडी तिथेच अडली. मग त्याच्या लक्षात आलं, की लोकांना आवडते ती 'आधी' आणि 'नंतर'ची गंमत. डावीकडे मुरमांनी भरलेला गाल, उजवीकडे तोच गाल नितळ. रीटचमध्ये, म्हणजे फोटोतले डाग पुसण्यात, तर भाच्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आता त्याला हवा होता फक्त एक चांगला चेहरा.

तो चालत दुकानात आला.

डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली एक बाई दारात उभी राहून आधी रस्त्याकडे पाहत होती, मग आत आली. शिवणाच्या कारखान्यात काम लागलं होतं, ओळखपत्राला फोटो हवा होता. तिने रुमाल सोडला. डाव्या डोळ्याखाली निळंकाळं पडलं होतं, ओठ एका बाजूने फाटून नुकताच भरत आला होता.

"दादा, हे दिसायला नको," ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी सगळे विचारत बसतील."

"काळजी सोडा. कुणाला कळणारसुद्धा नाही," भाचा म्हणाला.

त्याने जीव ओतून काम केलं. डाग एकदम पुसला नाही. खालच्या कातडीचा रंग हळूहळू वर आणला. ओठाची चीर मिटवली, पण ओठ मेणाचा वाटू दिला नाही. तिच्या चेहऱ्याचा कण न् कण त्याने मोठा करून पाहिला. पाहिला नाही तो फक्त मार. हे कुणी केलं, असा प्रश्न त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. "लग्नाआधी मी अशीच होते," म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली. कारखान्याला आणखी प्रती लागणार होत्या. त्या न्यायला शनिवारी, सुट्टीच्या दिवशी येईन, असं सांगून ती रुमाल बांधून निघून गेली.

मामांना आता चेहरे धूसर दिसायचे, पण तिचा आवाज त्यांनी नीट ऐकला होता. "भाच्या, तो पहिला फोटो कुणाला दाखवू नकोस हं," ते म्हणाले.

"नाही मामा," भाचा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तो जगाला दाखवला.

डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. बोट सरकवलं की जखम नाहीशी. खाली स्टुडिओचं नाव आणि पत्ता, जाहिरात म्हटल्यावर तो हवाच. बायकोने जेवताना फोटो पाहिला आणि तिचा घास हातातच राहिला.

"तिला विचारलंस?"

"नाव कुठे टाकलंय तिचं?"

"चेहरा टाकलास ना. नाव आणखी कशाला लागतं?"

भाच्याचं लक्ष कुठे होतं! मोबाईल टुणटुणत होता. 'जादूगार!' 'काय हात आहे!' 'लग्नाचं काम करता का?' परक्या पेजवाल्यांनी तो फोटो उचलून आपापल्या पेजवर लावला. 'प्रोफेशनल हवाय' म्हणून गेलेल्या त्या मुलीच्या आईचासुद्धा फोन आला. इतकी वर्षं जे मामांच्या सावलीत दबलं होतं, ते एका फोटोने वर आलं, असं त्याला वाटलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि मग तो माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाईल, मोबाईलवर तोच फोटो. मामा तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.

"हे तुमचंच काम का? वा! आमच्याकडे असा एक प्रोफेशनल माणूस नाही हो."

भाच्याने त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"ही माझी घरवाली," तो माणूस हसून म्हणाला. "रागावून इकडे निघून आलीय. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. समजूत काढून घेऊन जावं म्हणतो. फोनच उचलत नाही."

क्षणभर भाच्याच्या डोळ्यांपुढे ती निळंकाळं पडलेली जागा आली. पण तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "धाकट्या भावाचं लग्न ठरतंय. फोटोचं काम तुम्हालाच द्यायचं, हे मी आजच ठरवून टाकलं." हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी म्हणतात ना, तसं झालं. भाच्याने सांगून टाकलं, की शनिवारी त्या इथेच येणार आहेत, प्रती न्यायला.

शनिवारी ती आली. यावेळी रुमाल सैल होता, चालण्यात जरा हुशारी होती. दाराच्या पायरीवर तिने पाय ठेवला आणि समोरच्या फुटपाथवरून तो माणूस धावत आला. आला तो बोलायला आलाच नव्हता. केसांना धरून त्याने तिला मागे ओढलं आणि पुढे ढकललं ते थेट मामांच्या शोकेसवर. काच फुटली. त्याने तिचं डोकं पुन्हा धरलं.

गल्ली भरून माणसं जमली. काहींनी आरडाओरडा केला. निम्म्यांनी मोबाईल वर धरले. भाचा काउंटरमागे दगड होऊन उभा होता. पुढे झाले ते मामा, ज्यांना धड दिसतही नव्हतं. आवाजाच्या दिशेने ते काचांवरून चालत गेले आणि त्या माणसाचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला. तेव्हा कुठे बाकीच्यांना लाज वाटली आणि चारजणांनी त्याला दाबून धरलं. पोलीस त्याला घेऊन गेले. तिला दवाखान्यात नेलं.

डावा डोळा वाचला नाही.

दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात मामा आणि भाचा बाकावर बसले होते. मामांच्या तळपायांना पट्ट्या होत्या. घर सोडल्यापासून ती ज्या महिला वसतिगृहात राहत होती, तिथल्या बाई आत होत्या.

"मामा, मी तिचं वाईट नव्हतं हो चिंतलं," भाचा कसाबसा म्हणाला. "मला फक्त प्रोफेशनल व्हायचं होतं."

"मग झालास?"

भाच्याने मामांची सुटत आलेली पट्टी सारखी केली.

"डॉक्टर माणसाचं पोट उघडतो," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण माझं काम किती सुबक आहे ते बघा, म्हणून चौकात मांडून ठेवतो का? वकिलाला घरातली भांडणं कळतात, तो ती वेशीवर टांगतो का? अरे, आपल्यासमोर माणूस दिव्याखाली बसतो, आपण मान वळवा म्हटलं की वळवतो, हसा म्हटलं की हसतो. का? विश्वास टाकतो म्हणून! चेहरा ही ठेव असते, भाच्या. जपून ठेवायला दिलेली. कॅमेरा आज कुणीही घेतो. पाठ थोपटणारेही मिळतात. दुसऱ्याची ठेव सांभाळतो तोच या धंद्यातला माणूस. बाकीचे नुसते बटण दाबणारे!"

"पण लोकांना दाखवलं नाही तर काम कसं मिळणार?"

"दाखव ना! मी काय शोकेस रिकामं ठेवलं होतं? विचारून दाखव. आणि नाही म्हटलं, तर तो फोटो कितीही चांगला असो, गिळून टाक. त्याला वेळ लागतो, गिऱ्हाईक कमी येतं, सगळं मला ठाऊक आहे. आता आत जा आणि तिला सांग."

"ती मला माफ करणार नाही."

"माफी मागायला कोण सांगतंय? तिला खरं कळायला हवं, म्हणून सांगायचं."

भाचा आत गेला. अर्धा चेहरा पट्टीखाली होता. उघड्या डोळ्याने तिने त्याला ओळखलं.

"दादा, त्याला कसं कळलं हो? मी तर आईलासुद्धा सांगितलं नव्हतं."

गप्प बसता आलं असतं. तिला कधी कळलंही नसतं कदाचित. भाच्याने सगळं सांगितलं. फोटो लावला ते, पत्ता लिहिला ते, आणि शनिवार सांगितला तेही. सांगताना त्याला रडू आलं, पण वसतिगृहाच्या बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की ते त्याने घशातच परतवलं.

पट्टीकडे बोट नेऊन ती म्हणाली, "आता हेही पुसा."

भाच्याने त्याच दिवशी फोटो काढून टाकला. काढून टाकला म्हणजे आपल्या पेजवरून. परक्या पेजवाल्यांना त्याने हात जोडून लिहिलं, काहींनी काढला, काहींनी उत्तरच दिलं नाही. फुटलेल्या काचेचा, रक्ताचा, ओढाताणीचा व्हिडिओ तर कुणी कुणी काढला होता, त्याची गणतीच नव्हती. त्याखालीही लोक स्टुडिओचं नाव लिहीत होते. ज्या नावासाठी त्याने हे सगळं केलं, ते आता घरोघर पोचलं होतं.

खटला उभा राहिला तेव्हा पोलीस बाई दुकानात आल्या. जखमेचा पहिला फोटो पुराव्याला हवा होता. फोटो काँप्युटरमध्ये होता, बटण दाबायचाच अवकाश. भाचा उठला आणि थांबला.

"देतो, बाई. पण आधी तिला विचारतो."

"अहो, पोलिसांनी मागितल्यावर विचारायचं काय त्यात?"

"तुम्हाला नसेल. मला आहे."

त्याने वसतिगृहाच्या बाईंना फोन केला. ती तिथून केव्हाच दुसरीकडे गेली होती, नाव बदलून. कुठे गेली, हे बाईंनी सांगितलं नाही, आणि भाच्यानेही विचारलं नाही. एवढं तो शिकला होता. संध्याकाळी निरोप आला: 'कोर्टात दाखवा. तिथे दाखवायलाच हवा. आणखी कुठेही नाही.'

त्याने तसंच केलं. त्या माणसाला शिक्षा झाली. डोळा मात्र परत आला नाही, आणि नुकतंच हाती आलेलं ते नवं काम, ती सैल झालेली रुमालाची गाठ, तेही परत आलं नाही.

शोकेसला आता नवी काच आहे. भाच्याचं पेजही आहे, पण त्यावर फोटो थोडेच आहेत. फोटो न्यायला माणूस आला की तो विचारतो, "दाखवला तर चालेल?" आणि समोरचा हो म्हणाला, तरी म्हणतो, "घरी जा, विचार करा, मग येऊन सांगा." कुणी हसतं, कुणी दुसऱ्या स्टुडिओत जातं. तो जाऊ देतो.

मित्रहो, फोटो आपणही काढतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाचा, शेजारच्या भांडणाचा, वर्गातल्या रडणाऱ्या पोराचा. काढतो आणि पुढे धाडतो. आपण कुठे धंदा करतो, असं म्हणून हात झटकू नका; ठेव आपल्याही हातात असते. पुढच्या वेळी बोट बटणावर जाईल, तेव्हा त्या माणसाला विचारा. विचारता येत नसेल, तर बोट मागे घ्या. जखमेचा डाग रीटचवाला पुसून देईल. आपण लावलेला डाग पुसणारा कारागीर अजून जन्माला आलेला नाही.