मुळावरच्या गाठी

तपासणीला आलेल्या साहेबांनी सोयाबीनचं झाड शेंड्याला धरलं आणि हिसका देऊन उपटलं. बेंबळीची काळी माती ती, सहजासहजी सोडते होय? अर्धी मुळं खालीच राहिली. हातात आलेलं उघडं सोटमूळ उन्हात धरून साहेब म्हणाले, "एकही गाठ नाही. तुमच्या प्रयोगशाळेच्या पाकिटांत मेलेले जिवाणू आहेत. बंद करायला हवी ही."

"साहेब, असं उपटू नये," गिरिजाबाई म्हणाल्या. "गाठी मातीतच ऱ्हातेत. खुरप्यानं भवतीनं उकरून घ्यावं लागतंय."

"या कोण?"

"बाटल्या धुतात," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. जिवाणू वाढवणं, बियाण्याला लावायला त्यांची पाकिटं भरणं, ती उन्हापासून जपणं, सगळं त्याच करायच्या. मी तंत्र सहायक, म्हणजे सह्यांचा धनी. प्रयोगशाळा बंद झाली तर माझी परंड्याला बदली होणार होती. गिरिजाबाई रोजंदारीवर, त्यांना घरीच बसावं लागणार होतं.

साहेबांची पीएचडी म्हणे याच विषयात. मघाशी चहा पिताना त्यांनी मला सगळं ऐकवलं होतं. मूळ मातीत एक रसायन सोडतं. ते ओळखून जिवाणू उत्तरादाखल आपला रेणू धाडतो. तो रेणू पटला तरच मूळ जिवाणूला आत घेतं आणि त्याच्यासाठी गाठ बांधतं; तिथं बसून जिवाणू झाडाला हवेतलं नत्र पुरवतो. इतकी चौकशी लोक जावई करतानाही करत नाहीत. आणि एवढं पाठ असलेल्या माणसाला ते मूळ मातीतून काढता येत नव्हतं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

साहेबांनी अहवाल पुढं केला. 'गाठी आढळल्या नाहीत. साक्षीदार:' त्यापुढं जागा मोकळी होती.

मी सही केली. स्वतःची किळस आली, पण सही नेहमीसारखी वळणदार आली.

तेवढ्यात गिरिजाबाई धावत आल्या. खुरप्यानं उकरलेलं, बादलीत धुतलेलं झाड त्यांच्या हातात होतं. मुळं गाठींनी लगडली होती.

"साहेब, ह्ये बघा की! जित्ते हायेत!"

"अहवाल झालाय. यांची सहीही झालीय," म्हणत साहेबांनी जीपची काच वर केली. जीप धुरळा उडवत गेली.

गिरिजाबाईंनी एक गाठ नखानं फोडली. आतून ती गुलाबी होती, कामाला लागलेली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली.

"बघा, साहेब," त्या म्हणाल्या.

बारा वर्षं त्या मला शिवानंदा म्हणत आल्या होत्या.