'खराब' ठरवलेली चारशे बारा नंबरची फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना गळा दाटून यावा, अशी तुमची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. माझा गळा दाटलेला नाही, डोकं फिरलेलं आहे. तरी सगळं क्रमाने सांगते, न्याय तुम्हीच करा.

मी म्हणजे बोटाच्या पेराहून अरुंद अशी तपकिरी, लांबच लांब पट्टी. एका चाकावर गुंडाळलेली. कारखान्यातून निघाले ती थेट एका रेडिओ केंद्रात आले. तिथे आमची कुणी पत्रास ठेवत नसे. आज बातम्या भरायच्या, उद्या पुसायच्या, परवा कुणाचं तरी भाषण. एका मंत्र्याचं भाषण माझ्यावर दोनदा भरलं आणि दोनदा पुसलं. त्याचं मात्र मला जराही दुःख नाही.

तिथल्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. माशी शिंकली तर ती कोणत्या कोपऱ्यात शिंकली ते सांगेल, असा त्याचा कान. एका दुपारी गायिका आजारी पडली आणि स्टुडिओ रिकामा राहिला. साथीला बोलावलेले कांडीमास्तर तेवढे आले होते. ते स्टील गिटार वाजवत. ही गिटार छातीशी धरत नाहीत, मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. त्यामुळे स्वर तुटत नाही, गळ्यातून निघाल्यासारखा वळत जातो. साथीला मास्तर आहेत म्हटलं की बाकीचे वादक सरसावून बसत. पण जन्मभर त्यांनी वाजवलं ते दुसऱ्यांच्या गाण्यामागे. टाळ्या गाणाऱ्याला, आणि मास्तर आपली गिटारची पेटी उचलून बसस्टॉपवर.

कानसेन म्हणाला, "मास्तर, फीत लावलीच आहे. आज तुमचंच काहीतरी होऊन जाऊ दे."

"माझं? माझं कोण ऐकणार?"

"वहिनी ऐकतील की!"

मास्तर हसले. मग माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "हे आमच्या घरच्या सरकारसाठी. तू नेहमी म्हणतेस ना, सगळ्यांच्या मागे वाजवता, माझ्यासाठी कधी? तर हे घे." आणि अर्धा तास त्यांनी जे वाजवलं, त्यासारखं माझ्यावर आधी काहीच भरलं गेलं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे.

घरी जाऊन ते बायकोला एवढंच म्हणाले, "तुझ्यासाठी एक गंमत करून ठेवली आहे. रेडिओवर लागेल तेव्हा ऐक." ती रोज रेडिओ लावून बसे. गंमत लागलीच नाही, कारण केंद्राच्या तेव्हाच्या साहेबांनी नाक मुरडलं होतं. "नुसती गिटार? गाणारं कुणी नाही? पुसून टाका!" दोन महिन्यांनी मास्तर अचानक गेले.

कानसेनने मला पुसलं नाही. पण हुकूम मोडल्याचं कळू नये म्हणून खोक्यावर मास्तरांचं नावही लिहिलं नाही. लिहिलं फक्त, 'आधी गुंडाळा, मग वाजवा.' त्याची ती शिस्तच होती. वाजून झालेली फीत तो परत गुंडाळत नसे, शेवट बाहेर राहील तशीच ठेवी. त्याने आवाज चांगला टिकतो. पुढे वाजवणाऱ्याने ती आधी गुंडाळून सुरुवात बाहेर आणायची. मग त्याची बदली झाली आणि तो गेला तो गेलाच. मास्तरांच्या घरी एक निरोप धाडला असता तर काय बिघडलं असतं? माझा राग त्याच्यावरही आहे.

काही वर्षांनी खोकी कुजली. नवी आली. त्यांवर नंबर पडले, आणि जुनी खोकी सूचनांसकट कचऱ्यात गेली. मी झाले चारशे बारा. मग यादी करणारे गृहस्थ आले. त्यांना सगळे यादीसाहेब म्हणत. त्यांनी मला आहे तशीच यंत्रावर चढवली. अर्थातच मी शेवटाकडून सुरुवातीकडे धावू लागले. पंधरा सेकंद ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि लिहिलं, 'खराब.' चूक यांच्या हाताची आणि डाग माझ्या कपाळी!

मास्तरांची बायको तीन वेळा यादीसाहेबांच्या कचेरीत आली. पहिल्यांदा एकटी, मग लेकीबरोबर, शेवटी लेकीचा हात आणि काठी धरून.

"साहेब, जरा बघा ना. त्यांनी काहीतरी करून ठेवलं होतं माझ्यासाठी. ते खोटं बोलत नसत."

"आजी, यादीत नाव नाही. नाही म्हणजे नाही. किती वेळा सांगायचं?"

मी भिंतीपलीकडेच होते. तिसऱ्या फळीवर. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

यंदा खराब फिती भंगारात काढायचं ठरलं. ते कानावर येताच लेक धावत आली. आता तिचेही केस पिकले आहेत. "फेकायच्या आहेत त्या तरी ऐकू द्या," ती म्हणाली.

"ऐका, ऐका. हौस फिटू दे," यादीसाहेब म्हणाले. दिवसभर एकेक फीत लागत गेली. माझी पाळी आली आणि मला पुन्हा उलटीच लावली.

"थांबा," ती म्हणाली. "तार छेडली की आवाज आधी मोठा असतो, मग विरतो. इथे तो बारीक सुरू होतो आणि मोठा होऊन तुटतो. फीत उलटी चाललीय."

"बाई, वीस वर्षं या खुर्चीत आहे मी."

"मग वीस वर्षं उलटंच ऐकताय. गुंडाळा ती!"

गुंडाळली. मास्तरांचा आवाज खोलीत उमटला, 'हे आमच्या घरच्या सरकारसाठी...' लेक खुर्चीवर बसली. पूर्ण अर्धा तास ती हलली नाही. मग म्हणाली, "आई गेल्या वर्षी गेली." यादीसाहेब चष्मा पुसत राहिले.

महिन्याभरात समारंभ झाला. 'दुर्मीळ ध्वनिमुद्रणाचा शोध!' शोध म्हणे! अहो, मी हरवले कधी होते? फुलांचा गुच्छ मिळाला तो यादीसाहेबांना. लेकीला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "गिटार सगळ्यांना ऐकवा. बाबांना आवडेल. पण सुरुवातीचं ते बोलणं काढून टाका. ते फक्त आईसाठी होतं."

नवे साहेब गोड हसले. "अहो ताई, तेच तर लोकांना सगळ्यात आवडणार!"

मित्रांनो, तुमच्या हाती जुनं काही आलं आणि ते वेडंवाकडं वाजलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी आपण ते नीट लावलं का, एवढं बघा. दारात म्हातारं माणूस काही विचारायला आलं, तर यादी मिटा आणि उठून फळीपर्यंत जा. चार पावलं असतात. आता मला रोज शेकडो लोक ऐकतात आणि वा वा करतात. ज्या बाईला मास्तर 'हे घे' म्हणाले होते, तिच्यापर्यंत ते कुणी पोहोचवलं नाही.